रानातला हत्ती पकडून नेला की प्रश्न सुटतो का? (तिलारी, नांदणी आणि बाकी सगळं)

तिलारीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. मी ठाण्याला असतो, काका-काकू गावी. कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे पहिल्यांदा उतरले ते २००२ च्या सुमारास. तेव्हा लोक हळदकुंकू घेऊन बघायला गेले होते, साक्षात गणपती आला म्हणून. आता हळदकुंकवाचं कोणी नाव काढत नाही. केळी, माड, सुपारी, भात, फणस, जे हाताला म्हणजे सोंडेला लागेल ते जातं. २०२५ च्या एप्रिलात मोर्ल्याला काजूच्या बागेत गेलेले एक वयस्कर शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेले. मग तो ओंकार, कळपातून वेगळा पडलेला तरुण टस्कर, सप्टेंबरात गोव्यात पेडण्यापर्यंत जाऊन आला आणि टीव्हीवर स्टार झाला.

गावात सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो पकडा आणि गुजरातला जामनगरजवळ अंबानींच्या वनतारा प्राणिकेंद्रात पाठवा. दुसरा म्हणतो त्याला कळपात सोडा, नेऊ नका. आणि त्याच वर्षी घाटावर कोल्हापुरात लाखभर लोक म्हणत होते की आमची माधुरी, नांदणीच्या मठातली हत्तीण, वनतारातून परत आणा! मला खरंच कळत नाहीये आपण कुणाच्या बाजूने बोलतो. हत्तीच्या, की आपापल्या?

प्रश्न साधा आहे. रानातला हत्ती पकडून कॅम्पात ठेवणं हा उपाय आहे का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको.

तिरकस
पहिला प्रतिसाद माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वनतारा आणि माधुरी एकाच धाग्यात म्हणजे शंभरी पक्की.

माडाखालची
मी दोडामार्गातलीच. तुमी शहरात बसान लिवतास ता बरा हा, पण रातीचो हत्ती परड्यात इलो की काय होता ता येवन बगा. आधी कुत्रे भुंकतत, मग एकदम गप होतत. मग आयकाक येता ता केळीचा मोडणा. हत्ती तरण्या माडाक कपाळ लावन रेटता, माड आडवो झालो की पायाखाली धरून चिरता नि आतलो गाभो तेवढो खाता. बाकी सगळो माड थयच टाकता. पंधरा वर्सा वाढवलेलो माड पाच मिन्टात. नि नुकसानभरपाईक माणूस येता तेवा ईचारता, "ह्यो माड आदीच आडवो होतो की काय?"

हत्तीबद्दल राग नाय माका. पण गणपतीची आरती करून पोट भरणा नाय.

तिलारीकाठ
@माडाखालची, अगदी हेच. काकांच्या पंचनाम्याला माणूस आला तोवर पडलेले माड कुजायला लागले होते.

पंचगंगाकाठ
मी शिरोळ तालुक्यातला, नांदणी हाकेच्या अंतरावर. काठावरचे आयडी वाढलेत इथं. :)

माधुरीबद्दल बाहेरचे लोक लई तोंडाला येईल ते बोलतात म्हणून लिहितो. महादेवी ऊर्फ माधुरी १९९२ पासून नांदणीच्या जैन मठात होती. आमच्या आईच्या लग्नाआधीपासून. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिला केळी भरवत मोठी झाली. पेटा या प्राणीहक्कवाल्या संस्थेनं तक्रार केली, उच्चाधिकार समितीनं अहवाल दिला, १६ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं हलवायचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टानं कायम केला आणि जुलै संपायच्या आत ती वनतारात गेली. ज्या रात्री गाडी आली त्या रात्री बायका रस्त्यावर रडत होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा निघाली, त्यात मीबी होतो. लोकांनी अंबानींच्या जिओची कार्डं बदलली. हे काय भाड्यानं आणलेले लोक न्हवते. प्रेम होतं म्हणून आलते.

ढोरडॉक्टर
मी पशुवैद्य आहे. हत्तींचा तज्ज्ञ म्हणवून घेणार नाही, पण नोकरीत काही पाळीव हत्ती तपासलेत.

@पंचगंगाकाठ, प्रेम होतं यात शंका नाही. पण हत्तीचा पाय तुम्ही कधी उलटा करून बघितलाय का? वरून तो खांबासारखा दिसतो, आत मात्र तळव्याला चरबीची जाड उशी असते आणि हत्ती बोटांवर टेकून चालतो. रानात हा प्राणी दिवसाचे बरेच तास चालत असतो, माती, चिखल, वाळू, खडक सगळ्यावरून. त्यात नखं आणि तळव्याची कातडी आपोआप घासली जाते. तोच हत्ती फरशीवर किंवा काँक्रीटवर, स्वतःच्याच लघवीत ओल्या जागी, एका पायात साखळी घालून उभा ठेवला की नखं वेडीवाकडी वाढतात, तळव्याला भेगा पडतात, भेगेत घाण जाते, आत पू होतो. माणसाला वरून काही दिसत नाही कारण हत्ती लंगडायला लागतो तो फार उशिरा. मग सांधे जातात. सांधे गेले की हत्ती आडवा पडून झोपायचं टाळतो, कारण पडला तर उठता येईल याची खात्री नसते. अशी जनावरं भिंतीला किंवा झाडाला टेकून उभ्यानं डुलकी काढतात. एका देवस्थानात मी भिंतीवर हत्तीच्या कुशीच्या उंचीला गुळगुळीत झालेला पट्टा बघितलाय, गिलावा पार निघालेला.

आणि ते डोकं हलवणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलणं. लोक म्हणतात बघा आरतीवर नाचतोय. तो नाचत नसतो. आरती नसतानाही तो तसाच डोलतो.

माधुरीच्या कागदपत्रांत सांधेदुखी, पाय कुजणं, वाढलेली नखं असं सगळं होतं. मठाचं म्हणणं वेगळं होतं हेही खरं. पण काँक्रीटवर तीसेक वर्षं एकट्या राहिलेल्या हत्तिणीचे पाय ठणठणीत असतील यावर मी तरी पैज लावणार नाही.

पंचगंगाकाठ
डॉक्टरसाहेब, पटतंय. पण मग औषधपाणी इथंच करायचं की. सरकारनं डॉक्टर द्यायचा, मठानं जागा द्यायची, माती टाकायची, तळं करायचं. नंतर वनतारावाल्यांनीच नांदणीजवळ केंद्र काढायची तयारी दाखवली ना? मग हे आधी का सुचलं न्हाई कुणाला? थेट रात्रीत गाडीत घालून हजार किलोमीटर?

ढोरडॉक्टर
आधी का सुचलं नाही हा रास्त प्रश्न आहे. पण अजून एक गोष्ट राहतेच. हत्तीण एकटी होती. हत्तिणी आयुष्यभर आई-मावश्या-बहिणींच्या कळपात राहतात. माणूस कितीही जीव लावू दे, तिच्याशी हत्तीच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. ते तळं बांधून होत नाही.

आजोबा_डोंबिवली
आमच्या लहानपणी राणीच्या बागेत हत्तीवर बसवून फिरवीत. तेव्हा असले प्रश्न कोणास पडत नसत.

तिरकस
आजोबा, हत्तीला पडत असतील.

प्राजक्त_
मुंबईतली बिजली हत्तीण आठवते का कुणाला? २०१३ च्या जूनमध्ये मुलुंडला रस्त्याकडेला कोसळली होती. आयुष्यभर डांबरी रस्त्यावर भीक मागायला फिरवलेली. कितीतरी लोक रोज जेवणाचा डबा घेऊन जायचे तिच्यासाठी, क्रेन आणली, डॉक्टर आले, सगळं झालं, महिनाअखेरीस गेली. तिला लोकांनी काय काय खायला घातलं असेल तेवढी वर्षं, वडापाव, लाडू, ब्रेड. हेही प्रेमच होतं म्हणा.

नियमावली
कायद्याचं थोडं, कारण गोंधळ दिसतोय.

हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. तरी तो एकच असा प्राणी आहे जो खाजगी माणसाकडे, देवळाकडे, मठाकडे मालकी प्रमाणपत्रावर राहू शकतो. विकता येत नाही. त्यामुळे कागदावर प्रत्येक हत्ती 'दान' होतो. :) २०२२ च्या दुरुस्तीत 'धार्मिक किंवा अन्य कारणासाठी' हस्तांतर करायला वाट ठेवली, आणि २०२४ ला त्याचे नियम आले. त्यातला 'अन्य' हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात हत्ती सहज मावतो. देशात पाळीव हत्ती अडीच हजारांच्या आसपास, सगळ्यात जास्त आसाम आणि केरळात.

आता मुद्दा. पाळीव हत्तींची पैदास फार कमी होते. मग हे हत्ती येतात कुठून? रानातून. कुठल्या ना कुठल्या पिढीत कोणीतरी पिल्लू आईपासून तोडलेलं असतं. म्हणून धागाकर्त्याने दोन विषय एकत्र आणले ते मला बरोबर वाटतं, विषय एकच आहे.

चहाबाग
मी नोकरीनिमित्त आसामात आहे बरीच वर्षं. @नियमावली यांच्या मुद्द्याला जोडून. इथे पूर्वी मेळा-शिकार म्हणून प्रकार होता. पाळीव हत्तीवर बसून रानातल्या कळपात घुसायचं आणि फास टाकून तरुण हत्ती धरायचा. फास टाकणाऱ्याला फांदी म्हणतात, त्याला गावात मोठा मान. आता धरायला परवानगी नाही, पण जुने फांदी भेटतात, हत्तीला माणसाळवताना म्हणायची गाणीसुद्धा असतात त्यांच्याकडे. ऐकायला गोड. दोरखंडात बांधलेल्या उपाशी जनावरासमोर ती म्हटली जायची हे लक्षात आलं की गोडी कमी होते.

पण माझ्या मते आपण भलत्याच हत्तीवर भांडतोय. देशात हत्ती मरतात ते मठात नाही. २००९-१० ते २०२०-२१ या काळात नैसर्गिक कारणं सोडून ११६० हत्ती मेले, त्यात विजेच्या धक्क्याने ७४१, रेल्वेखाली १८६, शिकारीत १६९, विषाने ६४. विजेचे बघा! लोंबकळणाऱ्या तारा, नाहीतर शेताच्या कुंपणात सरळ मेन लाइनची वीज सोडलेली. आणि दुसऱ्या बाजूला वर्षाला पाचशेच्या आसपास माणसं हत्तींकडून मरतात, काही वर्षी त्याहून जास्त. त्यात बहुतेक गरीब, पहाटे शौचाला किंवा चहाच्या मळ्यावर निघालेले. यांच्यासाठी पदयात्रा निघालेली मला तरी दिसली नाही.

रेल्वेचं सांगतो. २०१३ च्या नोव्हेंबरात उत्तर बंगालात चापरामारीला एक्सप्रेसने एका फटक्यात सात हत्ती मारले. कळपात पिल्लू रुळावर अडकलं की मोठे हत्ती पळून जात नाहीत, पिल्लाभोवती उभे राहतात. म्हणून आकडा एकदम वाढतो. आता काही मार्गांवर रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची कंपनं ओळखून ड्रायव्हरला इशारा द्यायची यंत्रणा बसवतायत. चांगली आहे. पण इशारा मिळाल्यावर गाडी हळू करायची म्हणजे टाइमटेबल आलं, आणि टाइमटेबलपुढे हत्ती काय चीज आहे.

झाडीपट्टी
गडचिरोलीहून. आमच्याकडे ऑक्टोबर २०२१ ले छत्तीसगडहून कळप आला अन् राहूनच गेला. धान कापणीले आला की हत्ती येऊन राहिले. मोहफुलं घरात ठेवली तर भिंत पाडून आत सोंड. लोकं मेले बाप्पा, म्हाताऱ्या बायका मेल्या. आमच्यासाठी कोणी जिओचं सिम बदलत नाही.

अन् गंमत ऐका. कमलापूरले सरकारी हत्ती कॅम्प आहे, चांगला, रानात. २०२२ मध्ये तेथले हत्ती जामनगरले न्यायचं निघालं तर लोकांनी जोरात विरोध केला. काहून? तर आमच्या जिल्ह्यात बघायले दुसरं आहेच काय! म्हणजे एकाच जिल्ह्यात एका हत्तीले काठ्या घेऊन हाकलून राहिलो अन् दुसऱ्याले जाऊ देत नाही.

तिलारीकाठ
@झाडीपट्टी, माझा मूळ प्रश्न तुम्ही दोन ओळीत लिहिलात की हो.

बंगळुरी_भाकरी
पकडण्याबद्दल विचारलंय ना, मग कर्नाटकातलं सांगते. इथे रानटी हत्ती पकडायला दसऱ्याचे हत्ती वापरतात. अर्जुन माहीत असेल, म्हैसूरच्या दसऱ्यात साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी २०१२ ते २०१९ त्याने वाहिली. म्हातारा झाला म्हणून अंबारीतून निवृत्त केला, पण पकडमोहिमेतून नाही. ४ डिसेंबर २०२३ ला हासन जिल्ह्यात येसळूरच्या रानात एक रानटी नर पकडायला नेला आणि त्या नराने त्याला भोसकून मारला. साठीच्या घरातला हत्ती! माहूत त्याला मिठी मारून रडत होते. इथे गावोगाव फ्लेक्स लागले, समाधी बांधली. पण चौसष्ट वर्षांच्या जनावराला माजावर आलेल्या तरुण हत्तीसमोर नेलंच का, याचं उत्तर फ्लेक्सवर नव्हतं.

आणि नुसतं पकडून दुसऱ्या रानात सोडलं तर? केरळातला अरिकोंबन हत्ती बघा. तांदळासाठी रेशनची दुकानं फोडायचा. २९ एप्रिल २०२३ ला चिन्नकनालला पकडून पेरियारच्या रानात सोडला, महिन्याभरात तो तमिळनाडूच्या कंबम गावात भर रस्त्यात पळताना दिसला. परत पकडला, मग पार दक्षिणेला कळक्काड-मुंडनतुराईला. श्रीलंकेत असे हलवलेले नर हत्ती कॉलर लावून अभ्यासले होते, कितीतरी परत फिरले, काहींनी वाटेत नवीन गावांना त्रास दिला, काही मेले. हत्तीला पत्ता पाठ असतो.

रबरबाग
धाग्यात कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, शिव्या द्या. माझी दोडामार्गात जमीन आहे, रबर आहे. सगळे आम्हाला दोष देतात, जंगल तोडून रबर लावलं म्हणून हत्ती गावात आले. अरे पण हत्ती यायच्या आधीपासून काजू, अननस, रबर होतं. खाजगी जमीन आहे, मी काय लावायचं ते मी ठरवणार. हत्तीला रबर आवडत नाही, म्हणून तर शेजारीसुद्धा आता रबर लावतायत. हत्तीने केळी सोडली नाहीत तर काय करायचं?

माडाखालची
@रबरबाग, तुमका शिये देवचे नाय, पण सांगतंय. हत्ती यायच्या आदी आमच्या डोंगरार बांबू, फणस, माडत सगळा होता. आता डोंगर खाली. कोर्टान झाडा तोडूक बंदी केल्यान तरी रातीचे ट्रक जातत. हत्तीन डोंगरात काय खावचा? रबराचो चीक?

रबरबाग
ट्रक माझे नाहीत.

तिरकस
ट्रक कधीच कुणाचे नसतात.

चहाबाग
@रबरबाग यांचं म्हणणं पूर्ण झटकू नका. शेतकऱ्याने हत्तीला न आवडणारं पीक लावणं ही त्याची सोय आहे. पण सगळ्यांनीच ते केलं की खोऱ्यात हत्तीला खायला उरतं ते शेवटच्या चार घरांच्या परड्यात. मग ती चार घरं म्हणतात पकडा. आसामात चहाच्या मळ्यांचं तेच झालं. चहा हत्ती खात नाही, पण मळा त्याच्या वाटेवर आहे, मळ्यातल्या खोल चरांत पिल्लं पडतात.

भटकभवानी
थोडं अवांतर. आम्ही थायलंडला चियांग माईला गेलो होतो. पाटीवर 'अभयारण्य', सवारी नाही, साखळी नाही, फक्त हत्तीला चिखलात अंघोळ घाला आणि फोटो काढा. आधी छान वाटलं. मग लक्षात आलं आमच्याआधी एक बॅच अंघोळ घालून गेलीय, आमच्यानंतर दुसरी उभी आहे. हत्तिणीला दिवसभर अंघोळच. तिला नको असेल तर? माहूताच्या मुठीत काहीतरी बारीक टोकदार होतं, तो सारखा कानामागे हात लावत होता. नवऱ्याला म्हटलं चल, तर म्हणे पैसे भरलेत.

आजोबा_डोंबिवली
नवऱ्याचे बरोबर आहे.

प्राजक्त_
केरळची ती यांत्रिक हत्तीची आयडिया मला आवडते. त्रिशूर जिल्ह्यात इरिंजाडपिल्ली देवळात २०२३ ला पेटाने दिलेला यांत्रिक हत्ती आणला, कान हलवतो, सोंड हलवतो, पाणी उडवतो. उत्सव होतो, ढोल वाजतात, कुणी मरत नाही. नाहीतर तेचिक्कोट्टुकाव रामचंद्रनसारखा हत्ती, एका डोळ्याने अंध, त्याच्या नावावर तेरा माणसांचे जीव, तरी पूरमच्या उत्सवाला त्याचे चाहते बॅनर लावतात.

पंचगंगाकाठ
यांत्रिक हत्तीला केळी कोण भरवणार? तुमच्याकडं यांत्रिक बैलाचा पोळा करता का?

प्राजक्त_
आमच्याकडे मातीच्या बैलाचा पोळा होतो. पिढ्यान्‌पिढ्या. देवाला चालतो.

पंचगंगाकाठ
हा मुद्दा दिला तुम्हाला. पण केरळच्या हायकोर्टानं २०२४ ला उत्सवातल्या हत्तींमधल्या अंतराचे वगैरे नियम घातले तर महिन्याभरात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. आणि नांदणीचा मात्र निकाल लगेच अंमलात. तिथं मोठी देवस्थानं, मोठा उत्सव. हे आमच्या लोकांना टोचतं. ज्योतिबाच्या देवळातला हत्ती, सुंदर नावाचा, २०१४ ला कर्नाटकात बन्नेरघट्ट्याला नेला तेव्हाबी कोल्हापूरच सापडलं.

ढोरडॉक्टर
सुंदरला मारहाण झाल्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला होता, त्यामुळे तिथे 'कोल्हापूरच का' म्हणणं जरा जड जातं. बाकी केरळबद्दल तुमची तक्रार बरोबर आहे.

माहुतांबद्दलही कोणी बोललं नाही. पूर्वी माहूत म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारं काम होतं, हत्तीबरोबर आयुष्य काढायचे. आता बऱ्याच ठिकाणी महिन्याला तुटपुंजा पगार, वर्ष दोन वर्षांत माणूस बदलतो. नवीन माणूस हत्तीला घाबरतो आणि घाबरलेला माणूस अंकुश जास्त वापरतो. हत्तीचं कल्याण करायचं तर पहिला पगार माहुताचा वाढवा. वनतारात असो नाहीतर मठात.

नियमावली
वनताराचं एकदा सांगून ठेवतो म्हणजे पुढचे वीस प्रतिसाद वाचतील. २०२५ च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्टाने वनताराच्या चौकशीला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, सप्टेंबरात अहवालाच्या आधारे क्लीन चिट दिली. ज्यांना पटलं त्यांना पटलं. पण खाजगी संस्थेकडे देशभरातले एवढे प्राणी जात असतील तर राज्य सरकारांनी आपले कॅम्प का सांभाळले नाहीत हा प्रश्न क्लीन चिटने मिटत नाही.

संपादक
वनतारा, अंबानी, मोबाईल कंपन्या यावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. हत्तींवर बोला.

तिरकस
उडवलेल्यात माझे दोनच होते, बाकी चार कुणाचे?

बंगळुरी_भाकरी
@तिलारीकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सिंधुदुर्गातच आहे की. २०१५ च्या फेब्रुवारीत माणगाव खोऱ्यात कर्नाटकचे शिकवलेले हत्ती आणून तीन हत्ती पकडले होते ना? आंबेरीला ओंडक्यांचे क्राल, म्हणजे कोंडवाडे, बांधून त्यात ठेवले होते.

तिलारीकाठ
हो. त्यातले दोन तिथेच मेले. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मोहीम 'यशस्वी' झाली होती, पेपरात फोटो होते. आणि तीन हत्ती नेल्यावर काय झालं? तिलारीच्या बाजूला हत्ती आहेतच, त्यांना पिल्लंही झाली. २०२० ला तिलारीचं काही रान संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, पण ते तीस चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्यात हत्तीचा कळप कसा मावायचा.

चहाबाग
ओंकारबद्दल अजून एक. नर हत्ती दहा-पंधरा वर्षांचा झाला की कळप त्याला बाहेर काढतो. 'कळपापासून भरकटला, बिचारा' असं जे चॅनेलवाले म्हणतात ते तसं नसतं, त्याचं वयच एकटं फिरायचं असतं. हे तरुण नर नवीन मुलूख शोधतात, पिकात जास्त घुसतात, धोका जास्त पत्करतात. एक पकडला तर आजच्या पिल्लांतला दुसरा पाच-सात वर्षांनी त्याच वयाला येणार. किती पकडणार?

तमिळनाडूत वालपाराईला बघण्यासारखं काम झालंय. चहाचे मळे, मधे रानाचे तुकडे, हत्ती रोजचे. तिथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी हत्ती कुठे आहेत ते संध्याकाळी एसएमएसने कळवायला सुरुवात केली, केबल टीव्हीवर खाली पट्टी, आणि वळणावर लाल दिवे, जवळ हत्ती असेल तर मोबाईलवरून पेटवायचे. माणसं मरायची बरीच कमी झाली. कारण बहुतेक माणसं अंधारात अचानक समोर आल्याने मरतात, हत्ती ठरवून मारायला येतो म्हणून नव्हे. याला क्राल लागत नाही, क्रेन लागत नाही. टीव्हीवरही दिसत नाही.

झाडीपट्टी
आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे त्यासाठी. पण रेंज नसते अन् ज्याच्या घरी हत्ती येणार त्याच्याकडे साधा फोन. बाकी ग्रुपात गुड मॉर्निंगचे गुलाब.

माडाखालची
आमच्याकडेय ग्रूप आसा. हत्तीचो फोटो इलो की धा जण गाडये घेवन बगूक येतत, फटाके लावतत. मग हत्ती बिथरता नि सकाळी आमका मार. आदी ह्या फोटोवाल्यांका क्रालात घाला.

तिरकस
अनुमोदन. त्यांना पकडायला दसऱ्याचे हत्ती लागणार नाहीत.

पंचगंगाकाठ
मी शेवटचं लिहितो. माधुरी परत यावी हे माझं मत आहे आणि राहणार. पण डॉक्टरांनी भिंतीवरच्या पट्ट्याचं लिहिलंय ते वाचून झोप लागली न्हाई रात्री. ती आली तर काँक्रीटवर येऊ नये, एकटी ठेवू नये, मिरवणुकीला नेऊ नये, एवढं मठाकडं आम्हीच मागायला पाहिजे. यावर आमच्या पदयात्रेतले किती लोक सही करतील ते बघतो.

ढोरडॉक्टर
फॉर्म काढा, पहिली सही माझी.

तिलारीकाठ
सगळ्यांचे आभार. (धागा बंद करत नाहीये, चालू राहू द्या.) पुढच्या आठवड्यात गावी ग्रामसभा आहे. पकडायचा ठराव पुन्हा येणार. मी काका-काकूंच्या वतीने दोन गोष्टी मांडीन म्हणतो, एक म्हणजे संध्याकाळी हत्ती कुठे आहे ते साध्या फोनवर कळवायची सोय, आणि दुसरं वाडीला सौर कुंपण. कुंपणासाठी योजना आहेत असं ऐकलंय. कुणाला अनुभव?

माडाखालची
शेजारच्या वाडयेत घातल्यानी. पयले दोन म्हयने बरा चाललां. मग पावसात तारेखाली गवत वाडला, गवत तारेक लागला की करंट जमनीत, तार मेली. हत्ती लय हुशार, सुकी फांटी टाकून बगता तारेर, मगे पाय देता. बॅटरी चोरीक गेली ती वायली गोष्ट.

चहाबाग
गवताचं सगळीकडे हेच. आसामात जिथे कुंपण टिकलंय तिथे गावाने पाळी लावली आहे, आठवड्याला कुणी ना कुणी तारेखालून कोयता फिरवतो, आणि संध्याकाळी एक जण व्होल्ट मोजून वहीत लिहितो. जिथे ठेकेदाराने लावून दिलं आणि गेला तिथे तार आता कपडे वाळत घालायला वापरतात. आणि लिहून ठेवा, कुंपण सौर यंत्रावरचंच हवं, थांबून थांबून झटका देणारं. मेन लाइनचा आकडा टाकला तर हत्तीबरोबर गुरं आणि माणसंही जातील आणि गुन्हा दाखल होईल तो वेगळा.

नियमावली
आणि पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत लेखी कळवा, पोच घ्या. पडलेल्या माडाचा फोटो तारखेसकट, बुंध्याजवळ हत्तीचा पाय उमटला असेल तर त्याचाही, शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून. म्हणजे "आधीच आडवा होता का" हा प्रश्न येणार नाही.

रबरबाग
गवत मारायला माझ्याकडे ब्रश कटर आहे. पेट्रोल वाडीने घालायचं.

माडाखालची
@तिलारीकाठ, ह्या ग्रामसभेच्या वहीत आदी लिवन घेवा. मगे तो माणूस म्हणतलो ता मी न्हयच.